मेंदूला मार लागल्यावर बाहेरून दिलेली 'चालना': टीएमएस आणि टीडीसीएस काय करतं, काय करत नाही

हातखंबा तिठा माहीत नाही असा रत्नागिरीकर सापडणं कठीण. मुंबई-गोवा महामार्गाला इथे रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता मिळतो. उतार, वळण, कंटेनर आणि पावसाळ्यात चिकट झालेला रस्ता. बाइक घसरते, डोकं आपटतं. पेशंट आधी जिल्हा रुग्णालयात जातो आणि मोठं ऑपरेशन लागणार असेल तर आंबा घाटाने कोल्हापूरला. रस्त्यावरच्या अपघातांची भर कमी म्हणून की काय, मार्च ते मे आंब्याच्या हंगामात कलमावरून पडलेले गडीही असतात.

जीव वाचतो, टाके निघतात, पेशंट घरी येतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. उजवा हात वर होत नाही. 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'पंखा' येतं. शांत माणूस क्षुल्लक गोष्टीवर ताट भिरकावतो. कुणाचे डोळे उघडे असतात, पण आईकडे बघताना ओळख दिसत नाही. अशा वेळी घरातल्या सगळ्यात तरुण, मोबाइल हातात असणाऱ्या पोराकडे काम येतं: "बघ रे, नेटवर काही उपाय आहे का."

शोध घेतला की दोन-चार मिनिटांत एक रील समोर येते. डोक्यावर आठच्या आकड्यासारखी कॉइल धरलीय, टक-टक-टक आवाज येतोय, आणि खाली लिहिलंय 'बिना ऑपरेशन, बिना गोळी, मेंदू पुन्हा चालू'. हे यंत्र खोटं नाही. त्यामागचं शास्त्रही खरं आहे. पण 'पुन्हा चालू' या दोन शब्दांत बरंच काही लपलंय, आणि कुटुंबाचे पैसे आणि वेळ दोन्ही तिथेच अडकतात.

आधी नाव समजून घेऊ

कवटी न उघडता, सुई न टोचता, बाहेरून चुंबकीय क्षेत्र, हलका विद्युतप्रवाह किंवा ध्वनिलहरी वापरून मेंदूच्या एखाद्या भागाचं काम वाढवायचं किंवा कमी करायचं, याला नॉन-इन्व्हेजिव्ह ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला 'बाहेरून चालना' म्हणू. या घराण्यातले दोन मोठे सदस्य म्हणजे टीएमएस आणि टीडीसीएस. ऑपरेशन करून मेंदूत तार बसवतात ते डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. तो वेगळा प्रकार आहे, आणि बातम्यांमध्ये या दोघांची सरमिसळ फार होते.

मार लागतो तेव्हा आत काय होतं

डोक्याला मार म्हटलं की आपल्याला रक्ताची गाठ आठवते. ती सीटी स्कॅनवर दिसते, सर्जन ती काढतो. पण वेगात असलेलं डोकं अचानक थांबतं तेव्हा मऊ मेंदू आतल्या आत पिळवटतो आणि चेतापेशींचे लांब धागे जागोजागी ताणले जातात, तुटतात. ही इजा सर्वदूर विखुरलेली असते आणि साध्या सीटीवर पुष्कळदा नीट दिसतच नाही. म्हणूनच "स्कॅन नॉर्मल आहे, मग हा असा का वागतोय?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्यात पहिल्या काही दिवसांत मेंदूला सूज येते, ऑक्सिजन कमी पडतो, आणि मूळ माराइतकंच नुकसान त्यातून होऊ शकतं.

या पहिल्या टप्प्यात बाहेरून चालना देण्याचा संबंधच नाही. तिथे 108 ची रुग्णवाहिका, श्वास मोकळा ठेवणं, वेळेत सीटी आणि गरज असेल तर ऑपरेशन, एवढंच कामाचं. महाराष्ट्रात 108 सेवा 2014 पासून आहे. महामार्गावर नाणीजच्या नरेंद्राचार्य संस्थानाच्या रुग्णवाहिकाही धावतात, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

चालनेचा विचार येतो तो नंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. मेलेली चेतापेशी परत जिवंत होत नाही. पण वाचलेल्या पेशी नवे जोड तयार करतात, शेजारचा भाग थोडं काम उचलतो. मेंदूच्या या लवचीकपणावर सगळा पुनर्वसनाचा डोलारा उभा आहे. फिजिओथेरपिस्ट रोज तोच ग्लास शंभर वेळा उचलायला लावतो तो यासाठीच. बाहेरून चालना दिली तर हे नवे जोड लवकर आणि पक्के होतील का, एवढाच संशोधकांचा मूळ प्रश्न आहे.

टीएमएस: तुमच्या वायरलेस चार्जरचा दांडगा भाऊ

फोन वायरलेस चार्जरवर ठेवता तेव्हा पॅडमधल्या कॉइलमध्ये वीज फिरते, तिचं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते फोनमधल्या कॉइलमध्ये वीज निर्माण करतं. मधे तार नाही. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व टीएमएसमध्ये आहे. फरक इतकाच, की इथे दुसरी कॉइल नाही, तिच्या जागी तुमचा मेंदू आहे. मेंदूतून वीज वाहू शकते, त्यामुळे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तिथे क्षणभर प्रवाह तयार होतो आणि चेतापेशी पेटतात.

इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे माणसावर करून दाखवलं. डोक्यावर कॉइल धरली, बटण दाबलं आणि विरुद्ध बाजूचा हात आपोआप हलला. दुखलं नाही. त्याआधी कवटीवरून वीज देऊन हे करता येत होतं, पण ते चांगलंच दुखायचं. कवटीचं हाड विजेला अडवतं, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. सगळी गंमत तिथे आहे.

क्षेत्राची ताकद साधारण दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय मशीनच्या जवळपास, पण एका स्पंदाचा कालावधी एक मिलिसेकंदाहूनही कमी. परिणाम कवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच पोचतो. म्हणून साध्या कॉइलने मेंदूच्या वरच्या थराला चालना मिळते. खोल भागापर्यंत ती थेट जात नाही. कॉइल आठच्या आकाराची असते, कारण दोन गोलांच्या मधल्या ठिकाणी क्षेत्र एकवटतं आणि नेम साधता येतो.

पेशंट खुर्चीत बसतो, जागा असतो. कानात बोळे घालतात, कारण टक-टक मोठ्याने होते. आधी हाताच्या हालचालीच्या भागावर एकेक स्पंद देऊन अंगठा कधी हलतो ते बघतात. ज्या पातळीला हलतो ती त्या माणसाची 'मोटर थ्रेशोल्ड', आणि डोस तिच्या टक्क्यांत ठरतो. माझ्या मते ही या पद्धतीतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे: डोस अंदाजाने न ठरवता त्याच माणसाच्या अंगठ्याला विचारून ठरवतात. मग ठरलेल्या जागी स्पंदांच्या मालिका. सेकंदाला एक अशा संथ गतीने दिल्या तर त्या भागाचं काम साधारणपणे मंदावतं, सेकंदाला दहा अशा जलद दिल्या तर वाढतं. 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा. माणसागणिक उलटसुलट निकाल येतात.

एक बैठक वीस ते चाळीस मिनिटांची. 'थीटा बर्स्ट' नावाच्या नव्या पद्धतीत तीन मिनिटांतही काम होतं. नैराश्यासाठी आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे, असा रिवाज आहे.

टीडीसीएस: इतका कमी करंट, की शंका यावी

कपाळावर आणि डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांना तारा, आणि बॅटरीवर चालणारा छोटा डबा. प्रवाह एक ते दोन मिलिअँपिअर. तुमचा साधा फोन चार्जर दोन अँपिअर देतो, म्हणजे हजारपट जास्त. वीस मिनिटं हा प्रवाह एकाच दिशेने वाहत राहतो. त्यातला मोठा वाटा कातडीतूनच इकडून तिकडे जातो, थोडासाच आत शिरतो.

टीएमएस चेतापेशीला थेट पेटवतं. टीडीसीएस तसं करत नाही. ते पेशीला फक्त थोडं 'तयार' किंवा थोडं 'सुस्त' करून ठेवतं. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये मिखाएल निट्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी 2000 साली दाखवलं की काही मिनिटांच्या अशा प्रवाहाने हाताच्या भागाची उत्तेजितता बदलते आणि प्रवाह बंद केल्यावरही ती थोडा वेळ बदललेली राहते. तेव्हापासून या डब्यावर हजारो शोधनिबंध आले, कारण तो स्वस्त आहे, हलका आहे आणि घरी नेता येतो. नेमक्या याच तीन गुणांमुळे त्याचा गैरवापरही होतो. त्याकडे पुढे येऊ.

पेशी नुसती 'तयार' झाली तर त्याच वेळी तिला काम द्यायला हवं. म्हणून टीडीसीएस चालू असताना किंवा लगेच नंतर हाताचा व्यायाम, बोलण्याचा सराव करून घेतात. स्पंज लावून पेशंटला टीव्हीसमोर बसवून ठेवलं असेल तर उपचाराचा अर्धा भाग गायब आहे असं समजा.

हा 'शॉक' नाही

रत्नागिरीत डोक्याला वीज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच इमारत येते. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1886 सालचं. राज्यात सरकारची अशी चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. "याला रत्नागिरीला न्या" ही कोकणातली जुनी टिंगल तिथूनच आली. त्यामुळे एखाद्या आजीला "नातवाच्या डोक्याला करंट देणार आहेत" असं सांगितलं तर ती हादरणारच.

तर फरक असा. शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटी, 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेली. तिच्यात मुद्दाम नियंत्रित फिट आणतात आणि ती भूल देऊन, स्नायू शिथिल करून करतात. भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे. तीव्र नैराश्यात ती आजही जीव वाचवणारा उपचार आहे. सिनेमांनी तिचं नाव नाहक खराब केलं. पण मेंदूला मार लागल्यावरच्या पुनर्वसनाचा तो उपचार नाही. ईसीटीचा प्रवाह शेकडो मिलिअँपिअरचा, टीडीसीएसचा दोन. टीएमएस आणि टीडीसीएस दोन्हींत पेशंट जागा असतो, बोलत असतो आणि फिट येऊ नये हीच काळजी घेतात. आजीला हे सांगा.

मग उपयोग होतो का?

इथे सावकाश वाचा.

टीएमएसचा सगळ्यात भक्कम पुरावा नैराश्याचा आहे. गोळ्यांनी फरक न पडणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्ये त्याला वाट मोकळी केली, 2018 मध्ये ओसीडीसाठी. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये टीडीसीएसवर बरंच काम झालंय, तेही मुख्यतः स्किझोफ्रेनियात कानात ऐकू येणाऱ्या आवाजांवर. म्हणजे 'हे यंत्र मान्यताप्राप्त आहे' असं कुणी म्हणालं तर पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: कशासाठी मान्यताप्राप्त? नैराश्याची मान्यता दाखवून लकव्याचा उपचार विकणं फार सोपं असतं.

मार लागलेल्या मेंदूवर थेट झालेले अभ्यास बहुतेक छोटे आहेत, वीस-तीस पेशंटांचे, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कारण उघड आहे. दोन माणसांचा पक्षाघात पुष्कळसा सारखा असू शकतो, पण दोन अपघातांतला मेंदूचा मार कधीच सारखा नसतो. म्हणून जवळचा नातेवाईक म्हणून पक्षाघाताकडे बघावं लागतं. तिथली गोष्ट फार शिकवणारी आहे.

पक्षाघातात एक बाजू दुबळी झाली की निरोगी बाजू तिला आणखी दाबते, असा एक विचार होता. मग निरोगी बाजूला संथ टीएमएसने थोडं गप्प केलं तर? छोट्या अभ्यासांत हाताची ताकद सुधारली. 2020 मध्ये युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हातासाठी या पद्धतीला सगळ्यात वरचा 'अ' दर्जा दिला. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2018 मध्ये, अमेरिकेत बारा केंद्रांत 199 पेशंटांवर झालेल्या 'निश' नावाच्या चाचणीचा निकाल आला होता. खरं टीएमएस मिळालेल्यांपैकी 67 टक्के लोकांचा हात ठरलेल्या मापाने सुधारला. आणि ज्यांना नकली टीएमएस दिलं, म्हणजे आवाज तसाच पण खरी चालना नाही, त्यांच्यापैकी? 65 टक्के.

म्हणजे हात सुधारले, भरपूर सुधारले. पण दोन्ही गटांना मन लावून हाताचा व्यायाम दिला होता, आणि सुधारणा बहुधा त्याचीच होती. फक्त खऱ्या यंत्राच्या गटाचा व्हिडिओ काढून रील केली असती तर लाखो लाइक्स मिळाले असते, आणि रीलमधला एकही शब्द खोटा नसता.

'आधी आणि नंतर'चे व्हिडिओ म्हणूनच फसवतात. मार लागल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत मेंदू आपणहून बराच सुधारतो. त्या काळात तुम्ही काहीही केलंत, अगदी अंगारा लावलात तरी, 'नंतर'चा व्हिडिओ चांगलाच येणार. नकली उपचाराचा गट शेजारी नसेल तर काहीच कळत नाही. टीडीसीएसमध्ये तर नकली उपचार करणं अगदी सोपं: पहिली तीस सेकंद प्रवाह देतात, डोक्याला खाज सुटते, मग गुपचूप बंद. पेशंटला फरक कळत नाही.

डोळे उघडे, पण ओळख नाही

सगळ्यात अवघड पेशंट हे. कोमातून बाहेर आलेत, झोपतात, जागे होतात, पण आजूबाजूचं भान आहे की नाही समजत नाही. मराठी वाचकाला या अवस्थेचं वैद्यकीय नाव माहीत नसलं तरी अरुणा शानबाग माहीत आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 1973 च्या नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूचा ऑक्सिजन तुटला, आणि पुढची 42 वर्षं, मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्या तिथेच एका खाटेवर होत्या. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं.

यात दोन अवस्था वेगळ्या करतात. एकात भानाची कुठलीच खूण नसते. दुसरीत खूण असते, पण अंधूक आणि येऊन-जाऊन: डोळे आरशामागे फिरतात, "हात दाब" म्हटलं की कधीतरी दाबतो. बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं की 'काहीच भान नाही' असा डॉक्टरांचा निष्कर्ष असलेल्या 44 पेशंटांपैकी 18 जणांत नीट तपासणीपत्रक वापरल्यावर भानाच्या खुणा सापडल्या. चूक डॉक्टरांच्या हुशारीची नव्हती. पाच मिनिटांच्या राउंडमध्ये ती खूण नेमकी दिसेल याची खात्रीच नसते.

त्याच गटाने 2014 मध्ये अशा 55 पेशंटांच्या कपाळाच्या डाव्या भागाला वीस मिनिटं टीडीसीएस दिलं, एकदा खरं आणि एकदा नकली. अंधूक भान असलेल्या 30 पैकी 13 जणांत खऱ्या प्रवाहानंतर आधी न दिसलेली खूण दिसली. भान नसलेल्या 25 पैकी दोघांतच. परिणाम थोड्या वेळाचा होता. कुणी उठून घरी चालत गेलं नाही. पण एखाद्या बापाला मुलाने एकदा नजरेने ओळख दिली तर ती त्याच्यासाठी काय असेल, हे आकड्यात मावत नाही.

या पेशंटांसाठी पुराव्याच्या बाबतीत आजही पुढे असलेली गोष्ट मात्र यंत्र नाही, एक जुनी गोळी आहे. अमँटाडीन. पूर्वी फ्लूवर दिली जायची, आजही पार्किन्सन्सवर वापरली जाते. 2012 मध्ये 184 पेशंटांवरच्या चाचणीत ती दिलेल्यांची सुधारणा नकली गोळीवाल्यांपेक्षा वेगाने झाली. रील कुणी करत नाही तिच्यावर. दिसायला काहीच नाही ना त्यात. ही गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नाही, पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

बाकीची यंत्रं, थोडक्यात

ध्वनिलहरी: 2016 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 25 वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूच्या खोल भागाला, थॅलॅमसला, बाहेरून अल्ट्रासाउंडने चालना दिली आणि तीन दिवसांत तो मान हलवून उत्तरं देऊ लागला. जगभर बातमी झाली. पण तो मार लागल्यापासून तिसऱ्या आठवड्यात होता, आपणहून जागा होण्याच्याच काळात, आणि हा योगायोगही असू शकतो असं खुद्द संशोधकांनीच सांगितलं.

जिभेवरचं यंत्र: 'पॉन्स' नावाची पट्टी जिभेवर ठेवून हलकी वीज देतात आणि सोबत तोल सांभाळायचे व्यायाम. कॅनडाने 2018 मध्ये डोक्याच्या मारानंतरच्या तोलाच्या त्रासासाठी तिला परवानगी दिली. अमेरिकेने 2019 मध्ये त्याच कामासाठी नाकारली, कारण फायदा यंत्राचा की व्यायामाचा हे वेगळं करता येत नव्हतं. पुन्हा तोच घोळ.

डीबीएस: 2023 मध्ये जुना मार असलेल्या पाच जणांच्या मेंदूत तारा बसवल्यावर एका विचार-चाचणीचा वेग सरासरी 32 टक्क्यांनी वाढला. पण ही कवटी उघडून केलेली गोष्ट आहे आणि पेशंट पाच.

धोका कुठे आहे

निरोगी किंवा नैराश्याच्या पेशंटमध्ये टीएमएस बरंच सुरक्षित आहे. डोकं दुखतं, कपाळ फडफडतं. फिट येण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. पण मार लागलेला मेंदू निरोगी नसतो. मारानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही फिट्स सुरू होऊ शकतात, आणि जलद टीएमएस त्यात भर घालू शकतं. म्हणून आधी फिट आली होती का, फिटच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री झोप झाली का, दारू घेतली का, ही चौकशी झालीच पाहिजे. आणि 'आता मशीनने बरं होतंय' म्हणून फिटच्या गोळ्या कुणी परस्पर बंद केल्या तर ते सरळ जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट कवटीची. सूज जास्त असेल तर सर्जन हाडाचा तुकडा काढून ठेवतात. आपल्याकडे तो पुष्कळदा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. त्या मधल्या काळात, किंवा तिथे धातूची जाळी बसवली असेल तर, टीडीसीएसचा प्रवाह नेहमीच्या वाटेने जात नाही. हाड नसलेल्या जागी तो सहज आत शिरतो. हा हिशोब पेशंटच्या स्कॅनवरून करावा लागतो, पुस्तकातल्या चित्रावरून नाही. मेंदूत क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर असेल तर टीएमएसच्या खोलीत शिरण्याआधीच सांगायचं. खिशातला फोनही बाहेर.

ऑनलाइन हेडसेट

2013 च्या सुमारास गेमर मंडळींसाठी टीडीसीएसचा हेडसेट बाजारात आला, 'फोकस वाढवा' म्हणत. त्यानंतर घरी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर सर्किट जोडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागले. 2016 मध्ये काही संशोधकांनी या मंडळींना खुलं पत्र लिहिलं. या क्षेत्रातल्या 39 जणांच्या त्यावर सह्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्पंज जरासा सरकला तरी परिणाम बदलतो, एक क्षमता वाढवताना दुसरी कमी होऊ शकते, बदल दीर्घकाळ टिकू शकतात, आणि हे सगळं निरोगी माणसाबद्दल. ज्यांचा मेंदू जखमी आहे, ज्यांना टोचतंय हे सांगता येत नाही, ज्यांच्या डोक्याची कातडी टाक्यांनी आधीच नाजूक आहे, त्यांना घरी असा डबा लावला तर कातडी भाजल्याचंही कळणार नाही.

भारतात एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आहेत आणि त्यांवर सीडीएससीओ या केंद्रीय संस्थेची नजर असते. विक्रेत्याला परवाना क्रमांक विचारा. 'वेलनेस प्रॉडक्ट आहे, परवाना लागत नाही' असं उत्तर आलं तर ते उपचाराचं यंत्र नाही हे त्यानेच कबूल केलं.

रत्नागिरीतून जायचं ठरलं तर

हिशोब आधी करा. कोल्हापूर साधारण 130 किलोमीटर, घाट धरून एका बाजूला तीन तास तरी. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, हे येऊन-जाऊन होत नाही. म्हणजे खोली, एक माणूस सोबत, त्याचा बुडालेला रोजगार. आणि या सगळ्यात जिल्ह्यातच चालू असलेली फिजिओथेरपी, बोलण्याचा सराव बंद पडणार असेल, तर तुम्ही पुरावा असलेली गोष्ट सोडून पुरावा शोधत असलेली गोष्ट घेताय. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर मी डोळे झाकून फिजिओ निवडीन. दोन्ही जमत असेल, मारानंतर नैराश्य आलं असेल आणि गोळ्यांनी भागत नसेल, फिटचा इतिहास नसेल, तर टीएमएसबद्दल न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलण्यात अर्थ आहे.

केंद्रात गेल्यावर विचारायचं: नेमकं कशासाठी देताय, हातासाठी, बोलण्यासाठी की मनःस्थितीसाठी? मेंदूच्या कुठल्या जागी, आणि ती जागा आमच्या स्कॅनवरून ठरवली का? सोबत व्यायाम कोण घेणार? फिट आली तर खोलीत डॉक्टर असतील का? दहा बैठकांनी फरक कशाने मोजणार, आणि नसेल पडला तर थांबणार का? शेवटच्या प्रश्नाला "पूर्ण पॅकेज घ्यावं लागतं" हे उत्तर मिळालं तर चप्पल घाला.

संशोधन म्हणून करत असतील तर त्याची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असायला हवी. 2009 पासून ते बंधनकारक आहे. नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि तिथेच उभं राहून मोबाइलवर शोधा. कोणाला घेणार, कोणाला नाही, नकली गट आहे का, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आणि मोबाइलचाच आणखी एक उपयोग. पेशंट ओळख देतो की नाही हा वाद असेल, तर रोज ठरावीक वेळी, तो ताजातवाना असताना, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. नाव घेऊन हाक मारा. त्याच्या चेहऱ्यासमोर छोटा आरसा धरून हळूच डावीकडे-उजवीकडे न्या. स्वतःचा चेहरा माणूस इतर वस्तूंपेक्षा जास्त शोधतो, म्हणून डॉक्टरही तपासताना आरसाच वापरतात. "अंगठा हलव" सांगा आणि दहापर्यंत मोजेस्तोवर थांबा, घाई करू नका, मधे दुसरं काही बोलू नका. हालचाल दिसली नाही तरी व्हिडिओ ठेवा, तारखेसह. पंधरा दिवसांचे असे तुकडे न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवलेत की राउंडच्या पाच मिनिटांत न दिसणारं त्यांना दिसू शकतं. मग अमँटाडीन, टीडीसीएस की आणखी काही, या चर्चेला निदान खरा पाया मिळतो. हे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकू नका. त्यात तो माणूस आहे आणि त्याला विचारता येत नाही.